शकीलाबानू भोपाली आणि पार्टी

बी. आर. चोप्रा यांचा ‘नया दौर’ ऑगस्ट १९५७मध्ये झळकला. त्याआधी चित्रपटाच्या चमूने भोपाळजवळ, नर्मदाकाठच्या बुधनीला तळ ठोकला होता. मधुबालाला तिकडे पाठवायला तिच्या वडिलांनी नकार दिला, प्रकरण कोर्टात गेलं आणि तिच्या जागी वैजयंतीमाला आली, हा किस्सा सिनेवेड्यांना तोंडपाठ असतो. त्याच मुक्कामात दिलीपकुमार यांनी भोपाळच्या एका तरुण गायिकेची कव्वाली ऐकली, ते खूष झाले आणि तिला मुंबईला यायला सांगून गेले. ती गायिका म्हणजे शकीलाबानू. मला या मुक्कामाचं मोल चित्रपटापेक्षा या भेटीमुळे जास्त वाटतं.

समूहाने गाणं भोपाळला नवं नव्हतं. अफगाण पठाणांनी वसवलेल्या या संस्थानात ‘चार बैत’ची परंपरा होती. हातात डफ घेऊन बसलेली मंडळी एकमुखाने शेरोशायरी गातात. त्यांच्या गटांना ‘आखाडे’ म्हणतात आणि दोन आखाडे समोरासमोर बसले की एकाच्या बैताला दुसऱ्याने उत्तर द्यायचं. रामपूर आणि टोंकप्रमाणे भोपाळलाही हे गाणं रुजलं. आपल्याकडच्या कलगी-तुऱ्याचे फड ज्याने ऐकलेत, त्याला ही चुरस वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. शिवाय या शहरावर १८१९ ते १९२६ अशी शंभराहून अधिक वर्षं बेगमांनी राज्य केलं. बाईने चारचौघांत पुढे बसावं, ही गोष्ट इथल्या लोकांच्या नजरेला सवयीची होती. शकीलाबानूंच्या धिटाईचं सगळं श्रेय मी या इतिहासाला देणार नाही, ती त्यांची स्वतःची होती. पण अशा शहरात ती वाढली, एवढं नक्की.

शकीलाबानू मुंबईत आल्या तेव्हा कव्वालीला बहर आला होता. १९४५च्या ‘जीनत’मध्ये नूरजहाँ, जोहराबाई अंबालेवाली आणि कल्याणी यांनी गायलेली बायकांची कव्वाली गाजून गेली होती. १९५८च्या ‘अल हिलाल’मधल्या एका कव्वालीने इस्माईल आझाद आणि त्यांची पार्टी घराघरात पोहोचली. १९६०मध्ये ‘बरसात की रात’ आला आणि रोशन यांनी कव्वालीचा सामनाच कथेच्या मध्यभागी आणून ठेवला. दर्ग्यातलं गाणं तोवर रंगमंचावर, पडद्यावर आणि तबकडीवर आलेलं होतं. पण पडद्यावरच्या बायकांच्या कव्वाल्या पार्श्वगायिकांच्या होत्या. स्वतःची पार्टी बांधून, गावोगावच्या मंचावर मधोमध बसून, पुरुष कव्वालांशी सामने करणारी बाई ही वेगळी गोष्ट. ‘पहिली महिला कव्वाल’ हे शकीलाबानूंना लावलं जाणारं बिरुद त्या अर्थाने घ्यायला हवं. दर्ग्यातल्या समाच्या, म्हणजे सूफी भक्तिगायनाच्या, मैफलीत बाईने गायची रीत नव्हती. मंचाने ती वाट दिली आणि त्यांनी ती पुरेपूर वापरली.

कव्वालीची पार्टी कशी चालते, हे जवळून पाहिल्याशिवाय त्यांचं काम कळत नाही. पुढे मुख्य गायक, बाजूला पेटी, ढोलक, बेंजो. मागे टाळ्या धरणारे आणि साथीला गाणारे. मुख्य आवाज शेराची पहिली ओळ टाकतो. ती पुन्हा येते, तिसऱ्यांदा येते, दर वेळी थोडी वेगळी वळवून. ऐकणारा यमकाची वाट पाहत ताटकळतो. दुसरी ओळ सुटते आणि यमकाचा शब्द ओठांवर यायच्या आत सगळी पार्टी त्यावर तुटून पडते. टाळीची लय दुगुन होते, मुखडा पुन्हा पुन्हा घुमतो. तेवढ्यात पुढच्या गायकाला दम खायला मिळतो आणि पुढचा शेर आठवायलाही. पोवाड्यातल्या शाहिराला झीलकरी जे बळ देतात, तेच हे. समोरच्या रांगेतून एका शेराला दाद आली तर तो शेर दहा मिनिटं लांबवायचा. नाही आली तर गुंडाळून पुढे जायचं. हे सगळं एका नजरेच्या इशाऱ्यावर ठरतं आणि पाठीमागच्यांनी तो इशारा चुकवायचा नसतो.

शकीलाबानूंनी यात भर घातली ती अदाकारीची. त्या शेर नुसता गात नसत, तो करून दाखवत. भुवई, मान, हाताचा पंजा, ओढणीचं टोक, सगळं शब्दाच्या सेवेला. अर्थ डोळ्यांनी आधी पोहोचवायचा आणि मग गळ्याने, अशी ती शैली. सभागृहं त्यासाठी भरत. पूर्व आफ्रिका, इंग्लंड, कुवेतपर्यंत त्यांचे कार्यक्रम झाले. ‘जागीर’पासून सिनेमातही त्या दिसू लागल्या, राजिंदरसिंग बेदी यांच्या ‘दस्तक’मध्ये (१९७०) त्या आहेत. १९७१मध्ये एच.एम.व्ही.ने त्यांची ध्वनिमुद्रिका काढली आणि आवाज देशभर गेला.

इथे मला त्यांची बाजू घ्यावीशी वाटते. गळ्याचा विचार केला तर शकीलाबानू मोठ्या गायिका नव्हत्या, असं म्हणणारे जाणकार आहेत. ते तबकडी ऐकून बोलतात. तबकडीची एक बाजू मोजक्या मिनिटांची. त्यात ना ताटकळणं, ना दाद, ना तो इशारा. नजरेने गायलेलं तर तबकडीवर उतरतच नाही. लावणी नुसती कानाने ऐकून तिच्या नर्तकीचं मोजमाप काढावं, तसा हा न्याय झाला. शकीलाबानूंची कला मंचावरची होती आणि समूहाची होती. त्यांच्यामागे टाळी धरणाऱ्यांची नावं तर तबकडीवरही नाहीत. तिथे नुसतं ‘आणि पार्टी’ असं छापून मोकळे होत. ढोलकवाला कोण, मुखड्यावर सर्वांत उंच चढणारा आवाज कुणाचा, याची नोंद कुणीच ठेवली नाही. ही हानी मला मोठी वाटते.

आपल्या मुलखाशी या गाण्याचं नातं फार दाट आहे. मुंबईच्या चाळींत, उरुसांत, गणेशोत्सवांत ‘कव्वालांचा जंगी सामना’ अशी पोस्टरं लागत आणि माणसं पहाटेपर्यंत बसत. प्रल्हाद शिंदे यांनी इस्माईल आझाद यांच्या पार्टीत कोरसमध्ये गायला सुरुवात केली होती. पुढे भीमगीतं, विठ्ठलाची गाणी आणि कव्वाली एकाच गळ्यातून निघाली आणि गावागावांत पोहोचली. विठ्ठल उमप यांनीही आंबेडकरी चळवळीचं म्हणणं कव्वालीच्या बाजात मांडलं. शेराच्या जागी बाबासाहेबांचा विचार, पण ताटकळवण्याची रीत तीच, टाळी तीच. शिकल्यासवरल्यांच्या संगीतचर्चेत या माणसांना जागा मिळाली नाही, तशीच ती शकीलाबानूंनाही मिळाली नाही. तिकीट काढून येणाऱ्या कामगाराची दाद या चर्चेत मोजली जात नव्हती.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली, डिस्को आला, सामने कमी झाले. हे सगळ्याच कव्वालांच्या वाट्याला आलं. शकीलाबानूंच्या वाट्याला त्याहून वाईट आलं. २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. त्याने भोपाळच्या हजारो माणसांची फुप्फुसं जाळली; शकीलाबानूही त्यात सापडल्या. दम्याने गाठलं, मधुमेह आणि रक्तदाबही मागे लागला. कव्वाली हे छातीचं गाणं. श्वास तुटला की मुखडा उभा राहत नाही, पाठीमागे पार्टी कितीही खंबीर असो. त्यांची कारकीर्द तिथेच संपली. पुढची वर्षं आजारपणात आणि पैशांच्या ओढाताणीत गेली. १६ डिसेंबर २००२ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

वायूच्या बळींच्या याद्यांत माणसं मोजली गेली, नुकसानभरपाईचे दावे झाले. गेलेल्या आवाजांचा हिशेब त्यात कुठेच नव्हता. शकीलाबानूंच्या मैफली ऐकलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीच्या घरात असतील, भोपाळलाही आणि मुंबईच्या चाळींतही. त्यांना गाठून त्यांच्याकडून ऐकून घ्यायला हवं: कोणता शेर किती वेळ चालला, समोर कोण बसलं होतं, ढोलकवर कोण होतं.