तक्रारी आल्या, चौकशा झाल्या, मॅडॉफ सुटत राहिला

11 डिसेंबर 2008 ला लोकांचे पैसे गुंतवणाऱ्या न्यूयॉर्कच्या बर्नार्ड मॅडॉफला फसवणुकीबद्दल अटक झाली, तेव्हा गुंतवणूकदारांच्या खात्यांत सुमारे 65 अब्ज डॉलर दिसत होते. दिसत होते, कागदावर. अमेरिकेची शेअर बाजार नियामक संस्था एसईसी तोवर काय करत होती, याबद्दल काही ठाम समज आजही ऐकू येतात.

गैरसमज: संस्थेला कुणी सांगितलेच नाही.
वित्तीय विश्लेषक हॅरी मार्कोपोलोस 2000 पासून लेखी सांगत होते. मॅडॉफ सांगायचा ती गुंतवणुकीची पद्धत खरी धरली, तर त्याला लागणारे ऑप्शन्स, म्हणजे ठरलेल्या भावाने खरेदी-विक्रीचा हक्क देणारे करार, शिकागोच्या बाजारात उपलब्ध ऑप्शन्सपेक्षा जास्त भरतात, असे साधे गणित होते. 1992 ते 2008 दरम्यान सहा ठोस तक्रारी आल्या. तीन तपासण्या आणि दोन चौकशा झाल्या.

गैरसमज: मग पैसे खाल्ले असणार.
आपल्याकडे हा निष्कर्ष आधी निघतो, पुरावा मागाहून शोधतात. एसईसीच्याच महानिरीक्षकांनी 2009 मध्ये अहवाल दिला. त्यात ना लाचेचा पुरावा मिळाला, ना वरिष्ठांच्या दबावाचा.

गैरसमज: जाणकार अधिकारी असते तर असे घडले नसते.
इथे जाणकारीच आडवी आली. एका तपास पथकाचा हातखंडा फ्रंट-रनिंगमध्ये, म्हणजे ग्राहकाच्या ऑर्डरआधी स्वतःचा सौदा उरकण्याची लबाडी पकडण्यात. म्हणून तेच शोधले गेले. सौदे झालेच नसतील, हे मनात यायला मॅडॉफवर, म्हणजे नॅसडॅक या शेअर बाजाराच्या माजी अध्यक्षावर, संशय घ्यावा लागतो! मार्कोपोलोस यांनी 2005 च्या टिपणात पोन्झी योजनेची, म्हणजे नव्या गुंतवणूकदारांच्या पैशातून जुन्यांना परतावा देण्याची, शक्यता दाट म्हटली होती, फ्रंट-रनिंगची कमी. पण ते ना मॅडॉफचे कर्मचारी, ना गुंतवणूकदार. त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन मिळाले नाही. मे 2006 मध्ये एसईसीपुढच्या साक्षीत मॅडॉफने शेअर ठेवणाऱ्या डीटीसी या संस्थेतला आपला खाते क्रमांकच देऊन टाकला. आता सापडलो, असे त्याला वाटले होते. खात्यात प्रत्यक्ष काय आहे, हे कुणी पडताळलेच नाही.

गैरसमज: फसलेल्या चौकशीने निदान नुकसान तरी होत नाही.
बिचकणाऱ्या नव्या गुंतवणूकदारांना मॅडॉफ सांगत असे, एसईसीने मला तपासले आहे.