शेततळ्याच्या कागदाला ठिगळ

शीड फाटले म्हणून भर समुद्रात नव्या शिडाची वाट पाहत बसणारा तांडेल कोकणात कोणी पाहिला नसेल. परंतु समुद्रापासून दूर, पर्जन्यछायेतील इंदापूर तालुक्यात, कळससारख्या गावी, जेथे डाळिंबाच्या बागेचा उन्हाळा शेततळ्यातील साठ्याच्या भरवशावर निघतो, तेथे तळ्याचा प्लास्टिकचा कागद गळू लागला की तो समूळ बदलण्याची भाषा फार लवकर सुरू होते. हा खर्च बहुधा अनाठायी असतो.

30 मीटर लांब, तितक्याच रुंद व 3 मीटर खोल अशा, उतरत्या काठांच्या तळ्यात सुमारे 22 लाख लिटर पाणी मावते आणि त्याच्या अस्तराला हजार चौरस मीटरांहून अधिक कागद लागतो; उलट ज्या छिद्रामुळे हा सारा साठा धोक्यात येतो ते पुष्कळदा वीतभरही नसते. कागदाची जाडी 500 मायक्रॉन, म्हणजे अवघी अर्धा मिलिमीटर. तिला एखादा अणकुचीदार खडा, उंदराचे दात किंवा तहानेने उतरलेल्या कुत्र्याची नखे पुरतात.

पाणी उतरते ते सर्वच गळतीने नव्हे, उन्हाचाही त्यात हिस्सा असतो. म्हणून भरलेली बादली तळ्याच्याच उथळ पाण्यात अर्धीअधिक बुडवून ठेवावी आणि चार दिवसांनी दोन्हींची उतरती पातळी ताडून पाहावी. तळे अधिक उतरले असेल तर गळतीबद्दल संशय उरत नाही. मग शोधाशोध करीत हिंडण्याची गरज नाही : पाणी ज्या पातळीला येऊन थबकते, त्या रेषेच्या आसपासच भोक असावयाचे.

या प्लास्टिकला साधा गोंद धरत नाही, ही गोष्ट ध्यानात न घेतल्यानेच घरगुती दुरुस्तीची अपकीर्ती झाली आहे. त्याच जातीच्या कागदाचे, चिरेच्या चहूबाजूंनी वीतभर मोठे, कोपरे गोल केलेले ठिगळ कापावे (टोकदार कोपरा आधी सुटतो). जागा धुऊन, कोरडी करून, पॉलिश पेपरने हलकी घासावी आणि दोन थरांच्या मधे गरम हवेच्या गनचा झोत देत देत वरून रबरी रूळ दाबीत जावे. तत्पूर्वी दोन चिंध्या जोडून, त्या थंड झाल्यावर ओढून पाहाव्यात. कागद फाटला पण सांधा सुटला नाही, तर हात बसला असे समजावे.

मात्र पाण्याच्या वरचा, वर्षानुवर्षे ऊन खाल्लेला पट्टा दुमडताच तडकत असेल, तर तेथे ठिगळ टिकत नाही. तो कागद बदलणेच शहाणपणाचे.

आणि एक ताकीद : ओला कागद विलक्षण निसरडा असतो व तळ्यात पडलेल्या माणसास वर चढता येत नाही. तेव्हा कमरेला दोर बांधल्याविना आणि काठावर दुसरा माणूस असल्याविना आत उतरू नये.