ढोल, दप्तर आणि शहाद्याचे विद्यार्थी

शहाद्याच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या एखाद्या भिल्ल किंवा पावरा विद्यार्थ्याने आपल्या पूर्वजांचा वृत्तान्त शोधण्याच्या हेतूने जुने छापील साहित्य उघडले, तर त्याच्या हाती प्रथम लागतो तो १८८० साली प्रसिद्ध झालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेश खंड; आणि त्या जाड ग्रंथात त्याचे आजे-पणजे त्याला भेटतात ते बहुतांशी बंदोबस्ताचा विषय म्हणून. १८२५ साली कंपनी सरकारने खानदेशात भिल्ल एजन्सी का स्थापन केली, जेम्स आउट्रम या तरुण अधिकाऱ्याने भिल्लांची पलटण कशी उभारली, डोंगरातल्या नाईकांना सरकारने कसे आपलेसे केले आणि जे वळले नाहीत त्यांचे पारिपत्य कसे केले, हे सारे तेथे तपशिलाने नोंदलेले आहे. परंतु ती माणसे पेरणीपूर्वी कोणत्या देवाला हाक घालीत, लग्नात काय गात, दुष्काळात एकमेकांना कसे सावरीत, आणि त्या बंदोबस्ताविषयी त्यांचे स्वतःचे म्हणणे काय होते, याचा शोध त्या दप्तरात घ्यावा तर हाती फारसे काही लागत नाही. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने आपली ओळख अशी परक्या कचेरीच्या कागदांतून करून घ्यावी, ही गोष्ट मला अत्यंत क्लेशदायक वाटते. आणि तिचे परिमार्जन करणारे दुसरे एक दप्तर त्याच्याच घरात, त्याच्या आजीच्या कंठात आहे, हे त्याला कोणीच सांगत नाही, याचे दुःख त्याहून अधिक आहे.

ते दप्तर गाण्यांचे आहे. नंदुरबार जिल्ह्यात, २०११ च्या जनगणनेप्रमाणे, शंभरातील सुमारे ६९ माणसे अनुसूचित जमातींची. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी, तडवी अशा त्यांच्या अनेक शाखा, आणि भिलोरी, पावरी, देहवाली, मावची अशा त्यांच्या अनेक बोली. या बोलींतून लिहिले गेले थोडे. जे जतन झाले ते गाऊन, नाचून आणि ढोलावर थाप मारून. होळीचा हंगाम आला की शहाद्याच्या वसतिगृहांतील मुले सातपुड्यातल्या आपापल्या पाड्यांकडे परततात. होळीपूर्वीचे भोंगऱ्याचे बाजार भरतात, धडगावच्या बाजारात ढोलांच्या आवाजापुढे शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही, आणि अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथे राजवाडी होळीसाठी रानातून निवडून आणलेला उंच बांबू हातांनीच खणलेल्या खड्ड्यात उभा केला जातो. ज्यांनी नवस केलेला असतो ते बावा आणि बुध्या होऊन, अंगावर राखेचे ठिपके, डोक्याला मोरपिसांचा उंच टोप आणि कमरेला वाळके भोपळे बांधून रात्रभर नाचतात. त्याआधीचे दिवस ते खाटेवर निजत नाहीत, भुईवर झोपतात आणि घालून दिलेली पथ्ये कसोशीने पाळतात. वृत्तपत्रांत दरवर्षी छापून येते ते त्या मोरपिसांचे चित्र. ते व्रत आणि त्यामागचा आचार मात्र छायाचित्राच्या चौकटीबाहेरच राहतो.

नर्मदाकाठच्या गावांतील इंदलचे उदाहरण तर याहून बोलके आहे. नवस फेडण्यासाठी कुटुंबाने घातलेल्या या उत्सवात कळंबाच्या फांद्या अंगणात रोवल्या जातात, आप्त आणि गावकरी जमतात, आणि रात्रभर गायना चालतो. या गायन्यात सृष्टी कशी उत्पन्न झाली हे येते, आणि नर्मदा डोंगरांतून वाट काढीत समुद्राला मिळायला कशी निघाली, वाटेत तिला कोण भेटले, हेही येते. म्हणजे एका बाजूने तो धर्मग्रंथ आहे आणि दुसऱ्या बाजूने भूगोलही. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातील अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. त्यांतील पुष्कळ कुटुंबांचे पुनर्वसन शहादा आणि तळोदा तालुक्यांच्या सपाटीवर झाले. त्या कुटुंबांतील जी मुले सपाटीवरच जन्मली, त्यांनी नदीकाठचे आपले मूळ गाव पाहिलेले नाही, आणि पाहू म्हटले तरी ते आता पाण्याखाली आहे. त्यांच्या सातबाऱ्यावर नवा गट क्रमांक आहे. नदीची जुनी वाट मात्र आता केवळ गायन्यातच उरली आहे. अशा मुलाने आपल्या आजोबांजवळ बसून तो गायना ऐकला, समजून घेतला आणि वहीत उतरवला, तर तो कला शिकला की इतिहास शिकला, हा प्रश्न विचारण्यात मला अर्थ दिसत नाही.

आपल्याकडे जे अद्याप विखुरलेले आणि अनौपचारिक आहे, ते अन्यत्र विद्येच्या प्रांतात रीतसर प्रविष्ट झालेले आहे. अमेरिकेतील मेक्सिकन वंशाच्या लोकांमध्ये कोरिदो नावाची कथागीते गाण्याची परंपरा आहे. आपल्या पोवाड्याशी तिचे नाते सहज ओळखू यावे. १९०१ साली टेक्सासमध्ये ग्रेगोरिओ कोर्तेझ नावाच्या शेतकऱ्याच्या हातून, दुभाष्याच्या चुकीतून उद्भवलेल्या झटापटीत, एक शेरीफ मारला गेला. सरकारी कागदांत आणि त्या काळच्या वृत्तपत्रांत तो खुनी ठरला. सीमेवरच्या माणसांच्या गाण्यात मात्र तो आपल्या भावासाठी आणि न्यायासाठी उभा राहिलेला वीर झाला. अमेरिको पारेदेस या विद्वानाने ही दोन्ही कथने शेजारी ठेवून, एकमेकांवर घासून पाहून, १९५८ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजलिसच्या शाळांतील हजारो विद्यार्थी वर्ग सोडून रस्त्यावर आले, आणि आपल्या समाजाचा इतिहास व संस्कृती अभ्यासक्रमात असावी, ही त्यांच्या मागण्यांतील एक ठळक मागणी होती. आज तेथील लॅटिनो विद्यार्थी विद्यापीठात कोरिदोंचा अभ्यास करतात, जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्यांतील गावांची नावे नकाशावर शोधतात. हे सहजासहजी झाले नाही. ॲरिझोना राज्याने २०१० साली केलेल्या कायद्याने ट्यूसन शहरातील असा अभ्यासक्रम बंद पाडला होता, आणि तो कायदा घटनाबाह्य ठरण्यास २०१७ साल उजाडावे लागले.

लॉस एंजलिसची मुले रस्त्यावर आली त्यानंतर चारच वर्षांनी शहाद्यात जे घडले, ते या तालुक्यातील कोणत्याही विद्यार्थ्याने अभिमानाने सांगावे असे आहे. सावकारीच्या गहाणखतांतून भिल्लांच्या जमिनी गेलेल्या, आणि त्याच जमिनींवर ते वर्षाच्या कराराचे सालदार म्हणून राबत होते. मे १९७१ मध्ये पाटीलवाडी येथे धान्य मागावयास जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला आणि एक माणूस मेला. सर्वोदयाचे कार्यकर्ते आले, ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यात भूमुक्तीचा मेळावा भरला, आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. या साऱ्याच्या केंद्रस्थानी होते पाडळद्याचे अंबरसिंग सुरतवंती, ज्यांना लोक महाराज म्हणत आणि जे १९७४ मध्ये तरुण वयातच निवर्तले. महाराष्ट्राने हस्तांतरित आदिवासी जमिनी परत करण्यासंबंधीचा कायदा केला तोही १९७४ सालीच. परंतु मला या चळवळीत सर्वाधिक महत्त्वाच्या वाटतात त्या तिच्यातील स्त्रिया. शिबिरांत त्या बोलू लागल्या, आणि दारूपायी मार खाणाऱ्या त्या बायकांनी गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली. जर्मन अभ्यासक मारिया मीस हिने १९७६ साली या लढ्यावर लिहिलेला शोधनिबंध परदेशातील विद्यापीठांत वाचला जातो. शहाद्याच्या वर्गांत त्याची चर्चा विरळाच होते.

त्याही मागे गेले तर तळोदा तालुक्यातील गुलाम महाराजांपाशी आपण पोहोचतो. त्यांनी दारू सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना ‘आप’ म्हणून मान द्या, अशी शिकवण दिली, आणि सामुदायिक आरतीसाठी रंजनपूरला हजारो आदिवासी जमू लागले. ज्यांच्याशी सारा मुलूख एकेरीत बोलत होता त्यांनी एका सुरात आरती म्हणावी आणि परस्परांस आदराने संबोधावे, हे सामर्थ्य सरकारच्या ध्यानी आल्यावाचून राहिले नाही. १९३८ मध्ये गुलाम महाराजांचे देहावसान झाले. त्यांचे बंधू रामदास महाराज यांच्या अनुयायांवर २ मार्च १९४३ रोजी रावलापाणी येथे इंग्रजी फौजेने गोळ्या झाडल्या. तेथल्या खडकांवरील गोळ्यांच्या खुणा आजही दाखवल्या जातात. मीठ उचलल्याचा इतिहास आपण मुलांना शिकवतो आणि तो शिकवलाच पाहिजे. परंतु आरती म्हणणाऱ्यांनी गोळ्या झेलल्याचे ठिकाण शहाद्याहून काही तासांच्या वाटेवर असताना तेथे शाळेची सहल जाऊ नये, याचे समर्थन मला करता येत नाही.

आजचे विद्यार्थी काहीच करीत नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या मिरवणुकांतून ते मोठ्या संख्येने पारंपरिक वेषात येतात. लग्नांतून टिमलीच्या चाली वाजतात, त्यांत ढोलाच्या बरोबरीने इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आलेला आहे, आणि भ्रमणध्वनीवरून ती गाणी गुजरात आणि मध्य प्रदेशातल्या भिल्ल मुलुखापर्यंत पोहोचतात. वडीलधारी मंडळी या गोंगाटाला नाके मुरडतात. मला मात्र त्यात काही गैर दिसत नाही. तीन राज्यांच्या सीमांनी विभागलेला समाज एका तालावर नाचू लागला तर ती त्याच्या जिवंतपणाची साक्षच म्हणावी लागेल. माझी तक्रार निराळी आहे. स्नेहसंमेलनात ‘आदिवासी नृत्य’ म्हणून सात मिनिटांचा एक कार्यक्रम ठेवला जातो, भाड्याने आणलेली मोरपिसे बांधली जातात, टाळ्या पडतात. आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तोच मुलगा भिलोरीत बोलला तर त्याला हसले जाते. रंगमंचावर ज्याचा गौरव आणि वर्गात ज्याची लाज, अशा वारशातून स्वाभिमान निर्माण होत नाही.

याच मातीतले कवी वाहरू सोनवणे श्रमिक संघटनेच्या लढ्यात घडले, आणि १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गोधड’ या त्यांच्या संग्रहात मराठी आणि भिलोरी या दोन्ही भाषांतील कविता आहेत. एका भाषेने दुसरीला हुसकून लावावे लागत नाही, याचा हा उत्तम दाखला. नर्मदाकाठी नर्मदा बचाव आंदोलनाने १९९२ पासून चालवलेल्या जीवनशाळांनीही पावरीतून आरंभीचे शिक्षण देऊन तेच दाखवून दिले.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. गाणे म्हणजे निर्दोष पुरावा नव्हे. त्यात सन-सनावळी सापडत नाही, एका पिढीचा नायक दुसऱ्या पिढीच्या पराक्रमाचा धनी होतो, आणि समाजाचे दोषही त्याच्या गुणांबरोबर गायिले जातात. बाईला डाकीण ठरवणारा क्रूर समजही परंपरेतच आहे, हे विसरून चालणार नाही. म्हणून गीत आणि गॅझेटियर, आजीची आठवण आणि महसुली नोंद, ही एकमेकांशी ताडून पाहावी लागतात. पारेदेस यांनी तेच केले. हे काम आमचे विद्यार्थी करू शकतील, किंबहुना दोन्ही भाषा येत असल्यामुळे तेच ते उत्तम करू शकतील. बाहेरून येणाऱ्या संशोधकाला जे दुभाष्याकरवी कळते ते त्यांना चुलीजवळ बसून कळते.

यासाठी मोठ्या निधीची वा नव्या इमारतीची आवश्यकता नाही. इतिहासाच्या आणि मराठीच्या प्राध्यापकांनी प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्या गावातील पाच गाणी, ती कोणाकडून ऐकली, केव्हा आणि कोणत्या प्रसंगी गातात, या तपशिलांसह लिहून आणावयास सांगावे, त्यास गुण द्यावेत, आणि त्या वह्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गाववार लावून ठेवाव्यात. १९७२ च्या शिबिरांत विशीच्या असलेल्या स्त्रियांनी आता सत्तरी ओलांडली आहे; त्यांचे कथन आणि त्यांची गाणी ध्वनिमुद्रित करण्याचे काम पुढच्या होळीपर्यंत लांबणीवर टाकू नये, एवढी माझी शहाद्यातील शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना कळकळीची विनंती आहे.