सूर्याचा वारा आणि शेताचा बांध

चाकण, खेड, मावळ या बाजूस कारखाने आले आणि जमिनीस सोन्याचे मोल आले. हातभर बांधापायी भाऊ भावाशी कज्जा मांडू लागला. पूर्वी साखळीने व फलकयंत्राने होणारी मोजणी आता रोव्हर यंत्राने होते. हे यंत्र उपग्रहांच्या संदेशांवरून आपले ठिकाण ठरविते. ते संदेश ज्या उंच थरातून येतात, तेथे सूर्य कधी कधी मोठी खळबळ उडवितो. ती कशी, हे शेतकरी बंधूंस ठाऊक असणे हिताचे आहे.

सूर्यापासून केवळ ऊन येते असे नव्हे. विद्युद्भारित कणांचा अतिविरळ झोत त्याच्यापासून अष्टौप्रहर वाहत असतो. यास सौरवात म्हणतात. त्याचा वेग सामान्यतः सेकंदास ४०० किलोमीटर असून पृथ्वीपर्यंत येण्यास सुमारे चार दिवस लागतात. पृथ्वीचे चुंबकक्षेत्र बांधासारखे आड येऊन बहुतेक झोत बाजूस वळविते. परंतु झोताबरोबर सूर्याचेही चुंबकक्षेत्र येते. त्याची दिशा दक्षिणेकडे, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट झाली, की दोन्ही क्षेत्रे जोडली जातात आणि बांधास जणू भगदाड पडते. मग सायकलच्या डायनमोत चुंबक फिरून वीज उत्पन्न होते, तद्वत हा वाहता झोत विद्युद्दाब उत्पन्न करतो. प्रवाह चुंबकरेषांच्या वाटेने ध्रुवप्रदेशांत उतरतात, शंभर-सव्वाशे किलोमीटर उंचीवरील भारित हवेतून आडवे वाहतात व पुन्हा वर जातात. त्यांची शक्ती लक्षावधी अँपिअर असते.

ध्रुव दूर असले तरी परिणाम आपणापर्यंत पोहोचतो. २ सप्टेंबर १८५९ रोजी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राचे माप एकाएकी सुमारे १६०० नॅनोटेस्ला, म्हणजे शेकडा चार या मानाने घसरले. पुढे विजेच्या ट्रामगाड्यांचा उपद्रव नको म्हणून १९०४ साली हे काम अलिबागेस नेण्यात आले. तेथे ते आजही चालू आहे.

अशा वादळात वरच्या थरातील भारित कण ढवळले जातात, उपग्रहाचा संदेश रेंगाळतो व यंत्र चाचपडू लागते. मे १९२४ नव्हे, अगदी मे २०२४ मधील गोष्ट: तेव्हाच्या वादळात अमेरिकेतील कित्येक शेतकऱ्यांची उपग्रहाच्या आधारे चालणारी पेरणीयंत्रे ऐन हंगामात थांबली.

यावरून रोव्हर टाकाऊ ठरत नाही. स्थिर केंद्राशी ताळा घेऊन ते पुष्कळशी चूक स्वतःच काढून टाकते. मात्र यंत्र ठिकाण निश्चित झाल्याची खूण देत नसेल, तर मोजणीची घाई करू नये. हद्दीच्या जुन्या, मान्य दगडावर यंत्र ठेवून ताळा पाहावा. जमेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावे. संशय उरलाच तर निमताना मोजणी आहेच. दगड हलविल्याचा आळ शेजाऱ्यावर घेण्यापूर्वी एवढे अवश्य करावे. सूर्याचे वादळ दोन दिवसांत शमते. बांधाचा दावा दोन पिढ्या चालतो.