संशोधनाची वाट (भाग ६) : पैसा कोणाच्या हातात?

मागच्या भागात आपण गाईड कसा निवडावा ते पाहिलं. आता पोटाचा प्रश्न. समाजशास्त्र, राज्यशास्त्र, मानववंशशास्त्र अशा विषयांत पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं सहज जातात. हा काळ सीएचबीच्या, म्हणजे तासागणिक मानधनाच्या, तासिकांवर काढायचा म्हटलं, की फील्डवर्क मागं पडतं आणि प्रबंध रखडतो. म्हणून अर्ज भरायला बसण्याआधी एक गोष्ट शोधून काढा : द्यायचे पैसे नेमके कोणाच्या हातात आहेत? अर्ज कोण वाचणार आणि त्यात काय शोधणार, हे त्यावरच ठरतं.

भारत : आधी परीक्षा, मग गाईड

आपल्याकडचा राजमार्ग यूजीसी नेट परीक्षेतून मिळणाऱ्या जेआरएफ या फेलोशिपचा. ही परीक्षा राष्ट्रीय चाचणी संस्था (एनटीए) जून आणि डिसेंबर अशा दोन सत्रांसाठी घेते. जेआरएफला वयाची अट ३० वर्षं; महिला आणि राखीव प्रवर्गांना ५ वर्षांची सवलत. १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि पुढची तीन वर्षं एसआरएफ (वरिष्ठ फेलोशिप) म्हणून ४२,००० रुपये मिळतात. घरभाडे भत्ता वेगळा. सामाजिक शास्त्रांची कंटिन्जन्सी मात्र वर्षाला आधी १०,००० आणि नंतर २०,५०० रुपये. पुस्तकं, गावोगावचा प्रवास, मुलाखती उतरवून घेणं, सगळं त्यातच बसवायचं.

जेआरएफ लागली म्हणजे प्रवेश झाला असं नाही. जेआरएफचं पत्र तीन वर्षं चालतं. तेवढ्यात विद्यापीठाची मुलाखत पार करून गाईड मिळवावा लागतो. यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीप्रमाणे प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ इतकेच विद्यार्थी असू शकतात. म्हणून ‘सर, तुमच्याकडे जागा आहे का?’ हे निकालाची वाट न पाहता विचारावं. जून २०२४ पासून जेआरएफ न मिळालेल्यांनाही नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी चालतात : ७० टक्के भार गुणांना, ३० टक्के मुलाखतीला. हे गुण एकच वर्ष टिकतात.

बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांकडे क्रम उलटा : आधी पीएच.डी.ची नोंदणी, मग फेलोशिपचा अर्ज. जाहिरात निघाली की नोंदणीपत्र, जातीचं प्रमाणपत्र आणि गाईडची सही गोळा करताना दमछाक होते. ही फाइल नोंदणी झाली त्याच आठवड्यात लावून ठेवावी.

अमेरिका : प्रवेश आणि पैसा एकत्र

अमेरिकेतल्या चांगल्या विभागांत प्रवेश मिळाला, की साधारण पाच वर्षांची फीमाफी, विद्यावेतन आणि आरोग्यविमा सोबतच मिळतो. बदल्यात काही सत्रं टीचिंग असिस्टंट म्हणून वर्ग सांभाळायचे. इथे निर्णय विभागातल्या प्राध्यापकांची समिती घेते. तिच्यासमोर तुमचं उद्देशपत्र, २०-३० पानांचं स्वतःचं लेखन, तीन शिफारसपत्रं आणि गुणपत्रकं असतात. जीआरई ही प्रवेशपरीक्षा बऱ्याच ठिकाणी ऐच्छिक झाली आहे. मुदती बहुतेक डिसेंबरात संपतात, निकाल फेब्रुवारी-मार्चमध्ये लागतात आणि १५ एप्रिलपर्यंत होकार-नकार कळवायचा असतो. अर्जाचं शुल्क जड वाटत असेल तर माफीची विनंती करता येते. मागायला लाजू नये. २०२५ पासून अनेक विद्यापीठांनी जागा कमी केल्या आहेत, काही विभागांनी वर्षभरासाठी प्रवेशच थांबवले. शुल्क भरण्याआधी विभाग यंदा विद्यार्थी घेतोय का, याची खात्री करा.

ब्रिटन आणि युरोप : दोन दारं किंवा एक नोकरी

ब्रिटनमध्ये प्रवेश आणि पैसा अनेकदा वेगवेगळ्या दारांनी येतात. ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन शिष्यवृत्तीसाठी वेगळा अर्ज लागत नाही, मुदतीत प्रवेशअर्ज पोचला की पुरे. राष्ट्रकुल शिष्यवृत्तीला मात्र स्वतंत्र अर्ज करावा लागतो. ब्रिटिश विद्यापीठांना सविस्तर संशोधन-प्रस्ताव लागतो आणि भावी मार्गदर्शकाशी आधी पत्रव्यवहार झालेला बरा. स्वीडन, नेदरलँड्समध्ये पीएच.डी. ही साधारण चार वर्षांची पगारी नोकरी असते. तिची जाहिरात निघते आणि पुष्कळदा विषयही प्रकल्पानं ठरवलेला असतो. तिथे ‘माझं स्वप्न’ लिहिण्यापेक्षा ‘तुमच्या प्रकल्पातलं हे काम मला येतं’ असं लिहिणं कामाला येतं.

विषय सांगू नका, प्रश्न विचारा

पैसा कोणाच्याही हातात असो, मुलाखतीत किंवा कागदावर शेवटी तुमचा प्रश्न तोलला जातो. आपल्याकडचं नेहमीचं शीर्षक घ्या : ‘सोलापूर शहरातील विडी कामगार महिलांची सामाजिक व आर्थिक स्थिती : एक अभ्यास’. यातून काय शोधायचंय ते कळत नाही. आता थोडं जवळ जाऊ. पानं-तंबाखू घरी आणायची, विड्या वळायच्या, कारखान्यात मोजून द्यायच्या. तिथे काही नापास होतात आणि तेवढी मेहनत वाया जाते. सोलापूरजवळ कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत या कामगारांना स्वतःची घरं मिळाली. मग विचारा : डोक्यावर हक्काचं छप्पर आल्यावर नापास विड्यांवरून कारखान्याशी भांडायची ताकद वाढली का? की शहरापासून लांब गेल्यानं ती कमी झाली? आता वाचणाऱ्याला कळतं, की कुठे जायचं, कोणाशी बोलायचं, कोणाची तुलना करायची आणि उत्तर ‘नाही’ असं आलं तरी त्याला मोल का आहे. उद्देशपत्राची सुरुवातही याच प्रश्नानं करा. ‘लहानपणापासून समाजसेवेची आवड’ असलेले अर्ज समितीनं ढिगानं वाचलेले असतात.

याला आपल्याकडे जुना दाखला आहे. मुंबई विद्यापीठाला समाजशास्त्र शिकायला कोणाला तरी परदेशी पाठवायचं होतं आणि निवड तिथले समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस यांच्याकडे होती. पुढे भारतीय समाजशास्त्राचे जनक मानले गेलेले मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये तेव्हा संस्कृतचे एम.ए.; समाजशास्त्राची पदवी गाठीशी नव्हती. त्यांनी नागरी केंद्र म्हणून मुंबई या विषयावर निबंध लिहून दिला आणि त्यावर शिष्यवृत्ती मिळवली. १९२० मध्ये ते इंग्लंडला गेले. लंडनला समाजशास्त्रज्ञ हॉबहाउस यांच्याकडून ते केंब्रिजला मानववंशशास्त्रज्ञ रिव्हर्स यांच्याकडे गेले. अर्जासोबतचं लेखन काय करू शकतं, ते यातून दिसतं. नेहमीच्या पाहण्यातल्या शहरावरचं नेमकं लिखाण परक्या सिद्धांतांच्या गोळाबेरजेपेक्षा वजनदार ठरतं.

बारीक अक्षरातल्या अटी

बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबियाला गेले ते सयाजीरावांच्या बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर : महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याची अट. आजही पैशासोबत अटी येतात. केंद्राच्या, मुख्यतः अनुसूचित जातींसाठी असलेल्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या २०२२ च्या नियमांनी भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावर बेतलेले सामाजिक अभ्यास हे विषयच वगळले. म्हणजे विडी कामगारांवरचा वरचा प्रस्ताव कितीही चांगला असला, तरी या नियमाखाली तो आधीच बाद. ज्यांच्यासाठी ही योजना आहे, त्यांनाच आपल्या समाजाचा अभ्यास तिच्या पैशावर करता येऊ नये, हे खटकणारं आहे; पण मार्गदर्शक सूचना शेवटच्या पानापर्यंत न वाचता महिनाभर प्रस्ताव घोटणाऱ्याचं नुकसान दुप्पट होतं. विषय बदलायचा की शिष्यवृत्ती, हा निर्णय पहिलं वाक्य लिहिण्याआधी घ्या.

पुढच्या भागात : शिफारसपत्र कोणाकडून घ्यावं आणि त्यांना आधी काय पाठवावं.