काळ्या वावरातलं पिवळं यंत्र

उन्हाळ्यात वाशीम जिल्ह्यात कुठल्या वावरात काम चालू आहे, ते यंत्राचा आवाज येण्याआधी त्याच्या रंगावरून कळतं. नांगरून तापत पडलेली काळी जमीन आणि तिच्या कडेला नाला खोल करणारा पिवळा जेसीबी. समृद्धी महामार्गाचे सुमारे ९७ किलोमीटर याच जिल्ह्यातून जातात. ते काम चालू होतं तेव्हा कारंजा-शेलूबाजार पट्ट्यात पिवळ्या जेसीबींच्या जोडीला नारिंगी पोकलेनही दिसायचे. हे रंग ठरवले कुणी, हा प्रश्न माझ्या मनात फार जुना आहे. ‘सुरक्षिततेसाठी’ असं कुणीही सांगेल, पण तेवढ्याने माझं समाधान कधी झालं नाही.

कॅटरपिलरची यंत्रं सुरुवातीला राखाडी होती. ७ डिसेंबर १९३१ रोजी, ऐन महामंदीत, कंपनीने ती पिवळी करायचं ठरवलं. त्या छटेचं नाव ‘हायवे यलो’. रस्त्याच्या कामावरचं यंत्र मोटारवाल्याला लांबून दिसावं हा हेतू होताच, पण मंदीत आपला माल चारचौघांत उठून दिसावा ही गरजही काही कमी नव्हती, असं मला वाटतं. इंग्लंडात जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी १९५१ पासून पिवळा रंग धरला आणि १९७९ साली त्यांचा जेसीबी हरियाणातल्या बल्लभगढला बनू लागला. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

डोळ्याचं गणित पिवळ्याच्या बाजूचं आहे. भर दिवसा आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या पिवळसर-हिरव्या उजेडाला सर्वांत जास्त दाद देतो. दिवस मावळला की लाल रंग आधी काळवंडतो. हे पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच टिपलं होतं. अमेरिकेत याच मुद्द्यावर अग्निशमन बंबांच्या रंगाचा वाद पेटला. स्टीफन सॉलोमन हे नेत्रपरीक्षक. लाल सोडा, लिंबाच्या छटेचा पिवळा घ्या, असा त्यांनी आग्रह धरला. डॅलस शहरातल्या दोन्ही रंगांच्या बंबांचे अपघात त्यांनी जेम्स किंग यांच्यासोबत ताडून पाहिले आणि १९९५ साली निष्कर्ष छापले. पिवळ्या बंबांचे अपघात कमी भरले. तरीही अनेक शहरं लालकडेच परतली, कारण लाल म्हणजे बंब हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. दिसणं वेगळं आणि ओळखू येणं वेगळं. आपल्याकडे पिवळ्याला दोन्ही साधलं आहे. अपवाद ऑक्टोबरचा. सोयाबीन वाळून सगळं रान पिवळं पडतं, तेव्हा धुळीने माखलेला जेसीबी लांबून चटकन नजरेत भरत नाही.

पण शोधत गेलो तसा मी रंगापेक्षा रंगाच्या डब्यातच अडकलो. भडक आणि स्वस्त पिवळा विसाव्या शतकात बहुतेक वेळा क्रोम यलोतून येई. क्रोम यलो म्हणजे लेड क्रोमेट, शिशाचा क्षार. १७९७ साली व्होक्लँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने सायबेरियातल्या तांबड्या खनिजातून क्रोमियम शोधलं, त्यातून हा रंग निघाला. १९३९ साली अमेरिकेत शाळेच्या बसचा रंग ठरला, त्याच्या नावातही ‘क्रोम’ होतं. शिसं विषारी, क्रोमियमचं हे रूप कॅन्सरला कारण ठरणारं. बिस्मथ व्हॅनेडेटसारखे पर्याय आहेत, पण महाग पडतात. भारतात २०१६ च्या नियमांनी रंगातलं शिसं ९० पीपीएमवर आणलं, ते घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरतं. यंत्रांचे औद्योगिक रंग त्यातून बाहेर राहिले. मला ही पळवाट चीड आणणारी वाटते.

जुना जेसीबी विकायचा म्हटलं की आधी डेंटिंग-पेंटिंग होतं. रस्त्याकडेच्या गॅरेजात पॉलिश पेपर घेतलेला पोरगा बॉनेटवरचा जुना थर कोरडाच घासतो. पिवळी भुकटी त्याच्या पापण्यांवर बसते, बाहीने तोंड पुसलं की ओठांवर जाते, आणि त्याच हातांनी तो भाकरी मोडतो. जुन्या थरात काय आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. मालकांनी एवढं तरी करावं: पेपर पाण्यात भिजवून घासायला लावावं, धूळ अडवणारा मास्क द्यावा, जेवणाआधी साबण ठेवावा, आणि कामाचे कपडे पोराच्या घरी लेकराबाळांच्या कपड्यांत धुवायला जाऊ देऊ नयेत. आणि सरकारने ९० पीपीएमची अट यंत्रांच्या रंगालाही लावावी.