सेनाधिकारी प्रशिक्षण

भूसेना, नौसेना व वायुसेना यांत कमिशनप्राप्त अधिकारी म्हणून नियुक्ती होण्यापूर्वी उमेदवारास देण्यात येणारे शैक्षणिक, शारीरिक व सैनिकी शिक्षण. कमिशन म्हणजे राष्ट्रप्रमुखाने दिलेला अधिकारलेख होय. भारतीय भूसेनेत तो सेना अधिनियम, १९५० अन्वये राष्ट्रपतींकडून मिळतो. या लेखामुळे अधिकाऱ्यास सैनिकांना आज्ञा देण्याचा हक्क प्राप्त होतो आणि त्यांच्या जीविताची जबाबदारीही त्याच्यावर येते. म्हणून शस्त्रविद्येबरोबरच नेतृत्व, निर्णयक्षमता व चारित्र्य यांची जडणघडण हा या प्रशिक्षणाचा मुख्य हेतू असतो.

इतिहास : ब्रिटिश अमदानीत भारतीय सैनिक जमादार, सुभेदार, रिसालदार यांसारख्या हुद्द्यांपर्यंत चढत असे, त्यापलीकडील अधिकारपदे ब्रिटिशांकडे असत. मराठवाड्यातील हिंगोली ही १९०३ पर्यंत हैदराबाद तैनाती फौजेची छावणी होती. तेथेही हाच प्रकार होता. पहिल्या महायुद्धातील भारतीय सैनिकांच्या कामगिरीनंतर १९१८ पासून इंग्लंडमधील सँडहर्स्ट येथील महाविद्यालयात दरवर्षी दहा भारतीयांना प्रवेश मिळू लागला. कोल्हापूर भागातील शं. पां. थोरात (पुढे लेफ्टनंट जनरल) यांना तेथील शिक्षणानंतर १९२६ मध्ये कमिशन मिळाले. सँडहर्स्टच्या पूर्वतयारीसाठी डेहराडून येथे १९२२ मध्ये सैनिकी विद्यालय स्थापन झाले. अधिकारी भारतातच तयार व्हावेत या मागणीस पुढे यश येऊन १ ऑक्टोबर १९३२ रोजी डेहराडून येथे भारतीय सैनिकी प्रबोधिनी सुरू झाली. पहिल्या तुकडीत चाळीस छात्र होते. पुढे फील्ड मार्शल झालेले सॅम माणेकशा हे त्यांपैकी एक. देशाची सुरक्षितता प्रथम, हाताखालच्या सैनिकांचे हित त्यानंतर व स्वतःची सोय सर्वांत शेवटी, असा दंडक सरसेनापती फिलिप चेटवुड यांनी उद्घाटनप्रसंगी घालून दिला. तो या संस्थेत आजही प्रमाण मानला जातो.

राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी : दुसऱ्या महायुद्धात तिन्ही दलांनी एकत्र लढण्याची निकड स्पष्ट झाली. त्या अनुभवावरून तिन्ही दलांच्या भावी अधिकाऱ्यांना प्रारंभीचे शिक्षण एकत्र देण्याची कल्पना पुढे आली. १ जानेवारी १९४९ रोजी डेहराडून येथे अशी शाखा सुरू झाली आणि त्याच वर्षी ६ ऑक्टोबर रोजी पुण्याजवळ खडकवासला येथे पंडित नेहरूंच्या हस्ते कायम संस्थेची कोनशिला बसविण्यात आली. जमीन तत्कालीन मुंबई राज्याने दिली. पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेतील भारतीय सैनिकांच्या स्मारकासाठी सूदान सरकारने दिलेल्या देणगीतून भारताच्या वाट्यास सत्तर हजार पौंड आले. मुख्य इमारतीस ‘सूदान ब्लॉक’ हे नाव त्यावरून मिळाले. १६ जानेवारी १९५५ रोजी संस्थेचे रीतसर उद्घाटन झाले. ‘सेवा परमो धर्मः’ हे तिचे ब्रीदवाक्य आहे.

येथील शिक्षणक्रम तीन वर्षांचा असून त्याची सहा सत्रे असतात. छात्रांची विभागणी स्क्वॉड्रनमध्ये केलेली असते. कवायत, व्यायाम, पोहणे, अश्वारोहण, शस्त्राभ्यास, नकाशावाचन व मैदानी शिबिरे यांच्या जोडीला जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या पदवीचा अभ्यास करावा लागतो. सह्याद्रीच्या डोंगररांगांतील ‘कॅम्प तोरणा’ हे शिबिर विशेष खडतर समजले जाते. थकवा, अपुरी झोप व वेळेचा ताण असतानाही विचार शाबूत ठेवता यावा, हे या दिनक्रमाचे प्रयोजन होय. त्यानंतर भूसेनेचे छात्र डेहराडून, नौसेनेचे केरळातील एळिमला व वायुसेनेचे हैदराबादजवळील दुंडिगल येथील प्रबोधिनीत जातात. पदवीधरांना संयुक्त संरक्षण सेवा परीक्षेद्वारे थेट या संस्थांत प्रवेश मिळू शकतो; अल्पसेवा कमिशनसाठी भूसेनेची चेन्नई येथे स्वतंत्र प्रबोधिनी आहे.

निवड : खडकवासल्याच्या प्रवेशासाठी संघ लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा परीक्षा घेतो. गणितास ३०० व सामान्य क्षमता चाचणीस ६०० गुण असतात. सामान्य क्षमतेच्या प्रश्नपत्रिकेत इंग्रजीचा समावेश असतो. उत्तीर्ण उमेदवारांना सेवा निवड मंडळापुढे जावे लागते. तेथील चाचण्या सु. पाच दिवस चालतात व त्यांसाठी ९०० गुण असतात. मानसशास्त्रज्ञ, गटचाचणी अधिकारी व मुलाखत घेणारा अधिकारी असे तिघे उमेदवारास स्वतंत्रपणे पारखतात आणि अखेरीस एकत्र बसून निर्णय देतात. चित्र पाहून गोष्ट लिहिणे, शब्द ऐकताच किंवा पाहताच वाक्य रचणे, फळ्या व दोर यांच्या साहाय्याने गटाने अडथळा ओलांडणे ही या चाचण्यांची काही उदाहरणे होत. त्यांत पाठांतर उपयोगी पडत नाही. इतरांचे ऐकून घेणे, स्वतःचे मत मांडणे व काम तडीस नेणे हे गुण येथे तपासले जातात. अखेर वैद्यकीय तपासणी होऊन गुणवत्तायादी लागते.

छात्राची स्थिती : संस्थेतील शिक्षण, निवास व भोजन यांचा खर्च शासन करते. तथापि कमिशन मिळेपर्यंत छात्र हा कायद्याने अधिकारी नसतो. त्यामुळे प्रशिक्षणात गंभीर दुखापत होऊन बाहेर पडावे लागलेल्या छात्रांना माजी सैनिकांचा दर्जा मिळत नसे. त्यांच्या हलाखीची सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली व त्याच वर्षी केंद्र शासनाने त्यांना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा लाभ देऊ केला. मुलींना प्रबोधिनीचा प्रवेशही न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर खुला झाला; २०२२ मध्ये दाखल झालेल्या पहिल्या तुकडीतील सतरा मुलींनी ३० मे २०२५ रोजी दीक्षान्त संचलनात भाग घेतला.

महाराष्ट्रातील पूर्वतयारी : प्रबोधिनी महाराष्ट्रात असली, तरी तिचे प्रवेश अखिल भारतीय गुणवत्तेवर होतात. त्यामुळे जवळ राहणाऱ्यास वेगळा लाभ नसतो. पूर्वतयारीसाठी नासिकचे भोसला सैनिकी विद्यालय (१९३७) व साताऱ्याची सैनिकी शाळा (१९६१) या जुन्या संस्था आहेत. राज्यातील तरुणांचे अधिकारीवर्गातील प्रमाण वाढावे म्हणून शासनाने १९७७ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली. दहावीच्या सुमारास लेखी परीक्षा व मुलाखत घेऊन येथे मुले निवडली जातात. अकरावी–बारावीच्या काळात त्यांचे निवास, भोजन व सैनिकी परीक्षांची तयारी यांची व्यवस्था शासन करते.

हिंगोली जिल्ह्यात पूर्णा नदीवरील धरणाचे गाव असलेल्या सिद्धेश्वरसारख्या ठिकाणच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने या संस्थेचे महत्त्व विशेष आहे. अशा मुलाजवळ काटकपणा, श्रमाची सवय व निसर्गाचा परिचय असतो. परंतु लेखी परीक्षा इंग्रजी व हिंदीतून होते, मराठीतून नव्हे. शिवाय, अनोळखी गटात निःसंकोच बोलण्याचा सराव त्याला क्वचितच मिळतो. वयोमर्यादा सु. साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांची असल्याने माहिती उशिरा पोहोचल्यास संधी कायमची जाते. अंगच्या गुणांपेक्षा ही माहितीची व भाषेची उणीवच पुष्कळदा आड येते. म्हणून तयारी आठवी–नववीपासून शाळेतच सुरू होणे इष्ट ठरते. मुलींसाठी अशीच शासकीय संस्था नासिक येथे २०२३ मध्ये सुरू झाली आहे.